प्राणीसंग्रहालयातली नोकरी: पगाराचा आकडा बघण्याआधी ऑर्डरवर सही कोणाची ते बघा

बारावीचे निकाल लागले की गोव्यातल्या उसगाव, गांजे, धारबांदोडा या बाजूची दोन-तीन मुलं दर वर्षी माझ्याकडे येतात. मोबाईलवर एखादी जाहिरात उघडलेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "ताई, बोंडल्याची वाट बघू की बाहेर जाऊ?" बोंडला म्हणजे आमच्या गोव्यातलं प्राणीसंग्रहालय. गोव्याबाहेरच्या एका प्राणीसंग्रहालयात मी सहा वर्षं कीपर, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणारी, होते, कंत्राटावर. हरणांपासून सुरुवात करून शेवटची दोन वर्षं अस्वलांच्या बाजूला काढली. त्या कामावर माझा अजूनही जीव आहे, म्हणूनच या मुलांना मी हातातला मोबाईल आधी खाली ठेवायला सांगते. जाहिरातीत पगार ठळक छापतात. पुढची दहा वर्षं ज्यावर ठरतात त्या गोष्टी एक तर बारीक अक्षरात असतात, नाही तर नसतातच.

आधी मालक ओळखा

चित्ता, वाघ, गवा सगळीकडे सारखेच, पण त्यांना सांभाळणाऱ्याचा मालक प्रत्येक ठिकाणी वेगळा. आपलं बोंडला गोवा सरकारच्या वनखात्याकडे आहे. अभयारण्य जेमतेम ८ चौरस किलोमीटरचं, चोडणचं पक्षी अभयारण्य सोडलं तर गोव्यातलं सगळ्यांत लहान, आणि त्याच्या पोटात हे संग्रहालय. म्हणजे तिथला कायम कर्मचारी गोवा सरकारचा नोकर. मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचं कात्रज महापालिकांचं, तिथे पगार पालिकेच्या तिजोरीतून. २०२१ मध्ये सुरू झालेलं नागपूरचं गोरेवाडा वनविकास महामंडळाकडे. म्हैसूरचं १८९२ चं, राजघराण्याने उभारलेलं, आज कर्नाटक प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाखाली. आणि जामनगरचं वनतारा रिलायन्सने उभं केलेलं, म्हणजे पूर्ण खासगी घडी.

खातं, पालिका, महामंडळ, प्राधिकरण, खासगी संस्था. या पाच मालकांचे भरतीचे नियम, बढतीचे रस्ते आणि निवृत्तीनंतरचे पैसे पाच तऱ्हेचे. म्हणून वहीत पहिला रकाना मालकाचा आखा, पगाराचा नंतर.

मालक कोणीही असो, वर एक छत्री सगळ्यांना समान आहे: केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण. वन्यजीव कायद्याखाली १९९२ मध्ये ते स्थापन झालं आणि त्याच्या मान्यतेशिवाय देशात प्राणीसंग्रहालय चालवता येत नाही. त्यांच्या संकेतस्थळावर संग्रहालयांची यादी आणि वर्गवारी (मोठं, मध्यम, लहान, अगदी लहान) मिळते. मान्यतेची मुदत कधीपर्यंत आहे आणि तिला काही अटी जोडल्यात का, हे बघाच. कर्मचारी अपुरे आहेत असा शेरा तिथे दिसला तर त्याचा अर्थ साधा आहे: दोन माणसांचं काम तुमच्या एकट्याच्या पदरात पडणार. २०२२ मध्ये प्राधिकरणाने देशातल्या संग्रहालयांच्या कारभाराचं मूल्यमापन जाहीर केलं. त्यात दार्जिलिंग पहिलं, चेन्नईचं वंडलूर दुसरं आणि म्हैसूर तिसरं आलं. हे गुण कारभाराचे आहेत, पगाराचे नव्हेत. तरी जिथे नोंदी नीट ठेवतात तिथे हजेरीपटही बहुतेक नीट असतो, असं माझं मत आहे.

ऑर्डरवर सही कोणाची

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण माझी सहा वर्षं इथेच गेली.

माझ्या शर्टाच्या खिशावर संग्रहालयाचा बिल्ला होता. लोक "झूवाल्या बाई" म्हणून हाक मारायचे. पण पगाराच्या पावतीवर एका ठेकेदाराचं नाव असायचं आणि सहा वर्षांत ते नाव दोनदा बदललं. काम तेच, अस्वल तेच, बिल्ला तोच. दर वेळी नवा ठेकेदार आला की आमची नोकरी पुन्हा शून्यापासून मोजायची. सोडताना मी ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या रकमेचं, विचारलं तर कुणाही एका ठेकेदाराकडे त्यासाठी लागणारी माझी पाच वर्षं पुरी भरत नव्हती. कारकुनाने कागद माझ्याकडे वळवला आणि तारखांवर बोट ठेवलं. त्या तारखा खऱ्याच होत्या. मला बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तेव्हा जाहिरात वाचताना या चारांतलं नेमकं काय आहे ते शोधा: कायम पद, मुदतीचं थेट कंत्राट, ठेकेदारामार्फत काम, की रोजंदारी. गोव्यात गोवा मनुष्यबळ विकास महामंडळामार्फत सुरक्षारक्षक आणि इतर माणसं सरकारी ठिकाणी नेमली जातात. महामंडळ सरकारचंच असलं तरी तिथला कर्मचारी महामंडळाचा, खात्याचा नव्हे. हा फरक मनात ठेवा.

मुदतीच्या थेट कंत्राटाला अलीकडे थोडं बळ आलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार मुदतीच्या कर्मचाऱ्याला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. म्हणून "ऑर्डर नंतर देतो, उद्यापासून या" असं कुणी म्हटलं तर जाऊ नका. कागद आधी मागा. त्यावर पद, मालकाचं नाव, मुदत आणि पगाराची फोड असलीच पाहिजे. ठेकेदार बदलला तरी पीएफचा यूएएन क्रमांक (नोकरी बदलली तरी एकच राहणारा) तोच चालू ठेवायला सांगा आणि जुन्या ठेकेदाराकडून अनुभवाचा दाखला त्याच आठवड्यात घ्या. महिनाभराने तो फोन उचलत नाही.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. २०१६ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायम कर्मचाऱ्याचंच काम करणारा तात्पुरता कर्मचारी समान कामाला समान वेतन मागू शकतो. त्या निकालाने आपोआप कुणाचा पगार वाढत नाही, मागावा लागतो. मागायचं असेल तर तुम्ही रोज काय काम केलंत याची नोंद हवी. माझ्याकडे ती नव्हती. आता मी सगळ्यांना डायरी ठेवायला सांगते: तारीख, कोणता पिंजरा, काय केलं, सोबत कोण.

पगार: हातातला, खात्यातला, दहा वर्षांनंतरचा

आता आकड्यांकडे येऊ. गोवा सरकार सातव्या वेतन आयोगाची केंद्राची सारणी वापरतं. तिची सगळ्यात खालची पायरी, लेव्हल १, सुरुवातीला १८,००० रुपये मूळ वेतन. प्राण्यांची देखभाल करणारी पदं बहुतेक याच तळाच्या पायऱ्यांवर असतात, म्हणून उदाहरणाला लेव्हल १ धरू. केंद्राचा महागाई भत्ता जुलै २०२५ मध्ये ५८ टक्के होता, तोच धरू. १८,००० वर तो १०,४४० होतो. बेरीज २८,४४०, घरभाडे भत्ता वेगळा. राष्ट्रीय पेन्शन योजनेत तुमचे १० टक्के म्हणजे २,८४४ कापले जातात, पण सरकार १४ टक्के म्हणजे जवळजवळ ३,९८२ रुपये वर भरतं. हे पैसे हातात दिसत नाहीत, तरी ते तुमचेच आहेत. दहा वेतनवाढी झाल्या की त्याच लेव्हलवर मूळ वेतन २४,२०० होतं, आणि महागाई भत्ता त्या वाढलेल्या आकड्यावर मिळतो.

महाराष्ट्राची सारणी वेगळी. तिथे तळाची पायरी एस-१ ही १५,००० पासून सुरू होते. कर्नाटकाने १ ऑगस्ट २०२४ पासून आपल्या राज्य कर्मचाऱ्यांचं किमान मूळ वेतन १७,००० वरून २७,००० केलं. हे ऐकून मुलं लगेच म्हैसूरचं बघायला लागतात. त्यांना मी थांबवते. कर्नाटकाने जुना महागाई भत्ता त्या मूळ वेतनात मिसळला, त्यामुळे वर मिळणारा भत्ता लहान झाला. २७,००० आणि १८,००० हे आकडे असे शेजारी ठेवून चालत नाहीत. मूळ अधिक महागाई भत्ता अधिक घरभाडं, अशी बेरीज शेजारी ठेवा. आठवा केंद्रीय वेतन आयोगही २०२५ मध्ये नेमला गेला आहे, तेव्हा ही बेरीज दर वर्षी नव्याने करायची.

खासगी ठिकाणचा आकडा वर्षाचा सांगतात आणि त्याला सीटीसी म्हणतात, म्हणजे मालकाला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. समजा ३ लाख, म्हणजे महिना २५,००० दिसतात. मूळ वेतन त्यातलं निम्मं, १२,५००. मालकाचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६०० रुपये, हे दोन्ही त्याच २५,००० मध्ये धरलेले. उरले २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० गेला की हातात २१,४०० च्या आसपास. जेवण आणि राहणं फुकट असेल तर हा आकडा वाईट अजिबात नाही. त्याचे पैसे कापत असतील तर किती, हे लेखी विचारा. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं, त्यात तुमचे फक्त ०.७५ टक्के जातात आणि घरच्यांनाही उपचार मिळतात. माझ्या अनुभवात या कामात ईएसआय कार्ड पगाराइतकंच उपयोगी पडतं. जनावराचा पंजा लागायला वर्षं लागत नाहीत.

प्रवासाचा खर्चही याच बेरजेत घ्या. गांजेहून बोंडल्याला जाणारा घरी जेवतो, घरी झोपतो. पुण्यात खोलीचं भाडं, मेस आणि गणपतीला गावी येण्याचं तिकीट धरलं की जास्तीचे पाच-सहा हजार कुठे गेले ते कळतही नाही.

खरे आकडे कुठून काढायचे

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ बहुतेकांना ठाऊक नसतं. त्यानुसार प्रत्येक सरकारी कार्यालयाने न मागता आपल्या अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची यादी आणि प्रत्येकाचा महिन्याचा पगार जाहीर करायचा असतो. खात्याच्या किंवा पालिकेच्या संकेतस्थळावर ही पानं शोधा. जुनी असली तरी अंदाज येतो.

नाही मिळालं तर अर्ज करा. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. प्रश्न मोघम ठेवला तर उत्तरही मोघम येतं, म्हणून मी मुलांकडून असे प्रश्न लिहून घेते: प्राणीसंग्रहालयासाठी मंजूर पदं किती, आजच्या तारखेला भरलेली किती? कीपर आणि मदतनीस यांच्यात कायम किती, कंत्राटी किती, ठेकेदाराचे किती? प्रत्येक गटात स्त्रिया किती, अनुसूचित जमातीचे किती, दिव्यांग किती? गेल्या पाच वर्षांत कीपर पदावरून बढती किती जणांना मिळाली? गेल्या तीन वर्षांत कर्मचाऱ्यांना प्राण्यांपासून दुखापत किती वेळा झाली? हाच अर्ज दोन-तीन संग्रहालयांना पाठवला की तुलना आपसूक तयार होते.

यातला मंजूर आणि भरलेली हा फरक नीट वाचा. पदं मंजूर असून वर्षानुवर्षं रिकामी असतील आणि काम कंत्राटी माणसं ओढत असतील, तर तिथे "दोन वर्षांत कायम करू" या शब्दावर घरचं गणित मांडू नका.

खासगी संस्थेला हा कायदा लागू नाही. पण ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की तिने कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला ते दिसतं. ठेकेदाराचं नाव कळलं असेल तर त्याचंही बघा. पीएफ चार-चार महिने उशिरा भरणारा ठेकेदार पगारही वेळेवर देत नाही.

कोण कुठे काम करतं

कामगारांमधली विविधता म्हणजे एकूण शंभरात स्त्रिया किती, एवढ्यावर लोक थांबतात. तिकीट खिडकीवर चार बाया, बागेत सहा बाया, म्हणजे आकडा छान दिसतो. मला विचाराल तर पिंजऱ्याची किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते बघायचं. मांसाहारी प्राण्यांच्या रात्रीच्या घरात कोण जातं, दवाखान्यात डॉक्टरसोबत कोण उभं राहतं, ड्युटीचा तक्ता कोण लावतं?

मी लागले तेव्हा कीपरांमध्ये आम्ही दोघीच होतो. गोदामात गमबूट होते आठ, नऊ आणि दहा नंबरचे. माझा पाय पाच नंबरचा. पहिल्या दिवशी मी बुटाच्या टोकात गोणपाटाचा बोळा कोंबला आणि तशीच ओल्या फरशीवर फडा मारायला गेले. अस्वलाच्या घराच्या दाराशी जंतुनाशकाची ताटली असते, लाल पाण्याची. तिच्यात पाय बुडवूनच आत जायचं. बूट पायातून निसटला आणि ताटलीतच राहिला. मी एका मोज्यावर उभी, आणि आतली सरकती जाळी अजून लागायची होती. मागे असलेल्या काकांनी धावत जाऊन जाळी खाली सोडली. माझ्या मापाचे बूट यायला सात महिने लागले. ते आणायला खर्च किती होता? काही शे रुपये.

म्हणून मी मुलींना सांगते, मुलाखतीला गेलात की विचारा: माझ्या मापाचे बूट आणि गणवेश आहेत का? कपडे बदलायची खोली कुठे? पिंजऱ्यांच्या बाजूला बायकांचं शौचालय किती अंतरावर? या प्रश्नांवर समोरचा गोंधळला तर तिथे बाई कीपर म्हणून आजवर कुणी गंभीरपणे धरलेली नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, २०१३ चा कायदा आहे. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का बघा. कंत्राटी आणि रोजंदारीवरच्या बायकांनाही ती समिती लागू आहे.

गोव्यात सरकारी भरतीत अनुसूचित जमातींना १२ टक्के, इतर मागासवर्गीयांना २७ टक्के, अनुसूचित जातींना २ टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण आहे. दिव्यांगांना २०१६ च्या कायद्याने ४ टक्के. गावडा, कुणबी, वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. याच समाजांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या या जंगलपट्ट्यात राहत आली आहेत. गव्याची वाट, सांबराचं पाणी, कोणत्या पाल्याने हरणाचं पोट बिघडतं, हे त्यांना घरातच शिकायला मिळतं. ही माणसं कायम यादीत किती आणि रोजंदारीच्या यादीत किती, हे मी आवर्जून बघते. ज्यांच्याकडे ज्ञान आहे ती सगळी रोजंदारीवर आणि कागद सांभाळणारी सगळी कायम, असं असेल तर ते ठिकाण आपल्या माणसांना किती मानतं ते समजलं.

गोव्याबाहेर जाणाऱ्यांसाठी दोन खाचा

तुमचा जातीचा किंवा जमातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या भरतीत आरक्षणासाठी चालत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं आहे. गोव्यात १२ टक्क्यांत बसणारा वेळीप मुलगा महाराष्ट्रात खुल्या गटात मोजला जातो. दुसरी गोष्ट अधिवासाची. महाराष्ट्रातल्या खालच्या श्रेणीच्या सरकारी पदांना तिथला अधिवास दाखला मागतात, आणि कर्नाटकात कानडी लागतं. म्हणून बाहेर जाणाऱ्या गोंयकाराला बहुतेक वेळा कंत्राटी किंवा खासगी कामच उघडं असतं. हे माहीत असून जा, तिथे अनुभव भरपूर मिळतो. पण कायम होण्याच्या आशेवर जाऊ नका.

पशुवैद्यकांचं गणित वेगळं आहे. गोव्यात त्यांची सरकारी पदं लोकसेवा आयोगामार्फत भरतात आणि लेव्हल १० वर म्हणजे ५६,१०० मूळ वेतनावर सुरू होतात. त्यांनी एकच विचारावं: नेमणूक संग्रहालयातच आहे, की पशुसंवर्धन खात्यातून तात्पुरती बदली? बदलीवर आलेला डॉक्टर वाघाची सवय ओळखायला लागतो तोवर परत गायी-म्हशींकडे जातो.

एक दिवस तिथे जाऊन उभे राहा

तिकीट काढून सकाळी दार उघडताच जा. कीपर एकटा आत जातो की जोडीने? दुहेरी दाराचं पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, हे पाळतात का? हातात मोजे आहेत का? दुपारी चहाच्या टपरीवर दोन कीपर भेटतीलच. "पगार किती" असं थेट विचारू नका, "पगार किती तारखेला होतो" असं विचारा. त्याचं उत्तर लगेच आणि खरं मिळतं. मग सुट्टीचं. नियमानुसार आठवड्यातून एक दिवस संग्रहालय प्रेक्षकांना बंद ठेवायचं असतं, पण जनावरं त्या दिवशीही खातात, तेव्हा कीपरची सुट्टी वेगळी ठरलेली हवी.

लसीचं विचारायला विसरू नका. रेबीजची लस, क्षयाची तपासणी, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी, हे कंत्राटी माणसालाही मिळतं का? गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाने (गोचिडांमुळे होणाऱ्या तापाने) माणसं दगावलेली आपण पाहिली आहेत. जंगलाला लागून काम करणाऱ्याला गोचिडापासून बचावाचं मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मालकाने द्यायचे असतात.

हे सगळं झालं की वहीत तुमच्या पसंतीच्या दोन-तीन ठिकाणांचे रकाने भरलेले असतील. बोंडल्याकडे मन वळलं असेल तर तिथली जाहिरात निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. खालच्या श्रेणीच्या पदांची परीक्षा आता गोवा कर्मचारी निवड आयोग संगणकावर घेतो. अर्जाला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड लागतं. कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असलं तर बरं, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. मामलेदार कार्यालयात दाखल्याला गर्दी उसळते ती जाहिरात निघाल्यावर, आणि तेव्हा शेवटची तारीख डोक्यावर असते. येत्या सोमवारीच जा. शाळेचा दाखला, रेशनकार्ड आणि आई-वडिलांची कागदपत्रं, प्रत्येकी दोन झेरॉक्स सोबत घ्या.